कंपनीचा ईमेल आला आहे. मुदत संपेपर्यंतचे दिवस तुमचे आहेत

वाचकाचे पत्र

मी अमेरिकेत एका विद्यापीठात पीएच.डी. करते आहे आणि माझा व्हिसा एफ-१ आहे. आम्ही पाच-सहा जण मिळून इन्स्टाग्रामवर एक अकाउंट चालवतो. त्यावर आमच्यापैकी कुणाचेही नाव नाही. स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निघणाऱ्या मोर्च्यांच्या वेळा, मदत करणाऱ्या वकिलांचे फोन क्रमांक आणि लोकांनी पाठवलेले अटकेचे व्हिडिओ आम्ही तिथे टाकतो. मागच्या आठवड्यात कंपनीचा ईमेल आला की होमलँड सिक्युरिटी खात्याने या अकाउंटची माहिती मागितली आहे, आणि ठरावीक मुदतीत आम्ही न्यायालयात आव्हान दिल्याचे कळवले नाही, तर कंपनी ती माहिती देईल. अकाउंट माझ्या फोन क्रमांकावर उघडलेले आहे. सोबतचे म्हणतात, सगळे डिलीट कर. आईबाबा म्हणतात, सुट्टी टाकून घरी ये, तोवर प्रकरण थंड होईल. एक मित्र म्हणतो, कर नाही त्याला डर कशाला, सरळ त्यांना फोन करून सांग की आम्ही विद्यार्थी आहोत. मी काय करावे? अकाउंट बंद करू का?

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात मुदत नेमकी किती दिवसांची आहे हे लिहिलेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी खासगीत पाठवले आणि आता तुमच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, इथे छापत आहोत. मुदत ईमेल आला त्या दिवसापासूनच धावू लागली आहे असे धरून चाला. मी तुमची वकील नाही आणि या उत्तराने वकिलाची जागा भरून निघणार नाही. पण वकील गाठेपर्यंतच्या एक-दोन दिवसांत माणसे जे काही करून बसतात त्यानेच पुष्कळदा प्रकरण बिघडते, म्हणून आधी तेवढ्यापुरते सांगते.

काहीही डिलीट करू नका. पोस्ट नको, मेसेज नको, अकाउंट नको, फोनमधले व्हॉट्सॲपचे ग्रुपही नको. सरकारी चौकशी चालू आहे हे कळल्यानंतर तिला अडथळा आणण्याच्या हेतूने कुठलीही नोंद नष्ट करणे हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याची कमाल शिक्षा २० वर्षांची आहे. मूळ चौकशीत तुमच्यावर काहीही निघाले नाही तरी हा गुन्हा वेगळा उभा राहू शकतो. सहकाऱ्यांना 'तुम्हीही पुसून टाका' असे लिहून पाठवणे तर त्याहून वाईट, कारण मग हेतूचा लेखी पुरावा तुम्हीच तयार केलेला असतो. शिवाय पुसून हाती काही लागत नाही. सरकारी यंत्रणा कंपनीला आधी केवळ एक पत्र पाठवून अकाउंटची आहे ती स्थिती ९० दिवस जपून ठेवायला सांगू शकते आणि ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढवू शकते. त्यासाठी न्यायाधीशाची गरज लागत नाही आणि तुम्हाला कळवले जातेच असेही नाही. तुमच्या बाबतीत तसे पत्र गेले असण्याची शक्यता धरूनच वागले पाहिजे. तसे असेल तर तुमच्या पडद्यावरून पोस्ट जातील, कंपनीकडची प्रत जागच्या जागी राहील आणि हात दाखवून अवलक्षण तेवढे पदरी पडेल.

अकाउंटवर नवीन काही न टाकणे, पासवर्ड बदलणे, टू-फॅक्टर (पासवर्डासोबत दुसरी पडताळणी) चालू करणे यांत काही गैर नाही. आणखी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. अशा वेळी माणूस धास्तीने दर अर्ध्या तासाने अकाउंट उघडून पाहतो. तसे प्रत्येक उघडणे कंपनीच्या नोंदवहीत एक ओळ वाढवते, ज्यात तारीख, वेळ आणि ज्या वाय-फायवरून तुम्ही आत आलात त्याचा आयपी पत्ता असतो. मागणीपत्रात नेमकी हीच नोंदवही मागितलेली असते. म्हणून उगाच डोकावू नका.

आता त्या ईमेलाकडे वळू. तो खरोखर कंपनीचाच आहे ना, हे आधी पाहा, कारण अशा भीतीचा फायदा घेऊन पासवर्ड काढून घेणारे बनावट ईमेलही फिरत असतात. आतल्या दुव्यावर जाऊन पासवर्ड टाकू नका. ईमेल खरा असेल तर सोबत सरकारी मागणीची प्रत आहे का ते बघा, नसेल तर ती मागा. त्या कागदाच्या वरच्या चार-सहा ओळी आणि खालची सही, एवढ्यावर पुढचे बहुतेक सगळे ठरते.

अमेरिकेत १९८६ च्या स्टोअर्ड कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार, सरकारला कंपनीकडून काय मिळू शकते हे हातात कोणता कागद आहे यावर अवलंबून असते. नुसत्या समन्सवर, ज्याला तिकडे सबपीना म्हणतात, खातेदाराची प्राथमिक माहिती मिळते: नाव, पत्ता, फोन क्रमांक, अकाउंट कधी उघडले, केव्हा केव्हा लॉग-इन झाले, कोणत्या आयपी पत्त्यावरून, आणि पैसे भरले असतील तर कोणत्या कार्डावरून वा खात्यातून. त्याच्या पुढची, म्हणजे कोणी कोणाशी कधी संपर्क साधला अशा प्रकारची नोंद हवी असेल तर न्यायाधीशाचा आदेश लागतो. आणि मेसेजमधला मजकूर हवा असेल तर संभाव्य कारण दाखवून घेतलेले वॉरंट लागते. २०१० मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने वॉरश्याक खटल्यात ईमेलबाबत तसा निकाल दिल्यापासून मोठ्या कंपन्या मजकुरासाठी वॉरंटाचाच आग्रह धरतात. तुमच्या वर्णनावरून तुमच्या हाती आलेला कागद पहिल्या प्रकारचा दिसतो. म्हणजे ज्यांनी तुम्हाला व्हिडिओ पाठवले त्यांचे मेसेज या कागदावर उघडे पडत नाहीत, आणि हे त्यांना वकिलामार्फत कळवता आले तर बरे, कारण तेही घाबरलेले असणार.

समन्समध्येही दोन जाती आहेत आणि हा फरक तुमच्या कामाचा आहे. एक ग्रँड ज्युरीचे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, फौजदारी तपासातले. दुसरे प्रशासकीय, जे खात्यातला अधिकारीच स्वतःच्या सहीने काढतो. त्यावर न्यायाधीशाची नजर फिरलेली नसते. होमलँड सिक्युरिटी खात्याकडून येतात ती बहुधा या दुसऱ्या जातीची. तसे समन्स कंपनीने मानले नाही म्हणून आपोआप दंड होत नाही. खात्याला संघराज्य जिल्हा न्यायालयात जाऊन अंमलबजावणीचा आदेश मिळवावा लागतो. 'खातेदाराला सांगू नका' असे त्यात लिहिलेले असले तरी ती विनंती असते, कारण कंपनीला तोंड बंद ठेवायला भाग पाडण्यासाठी न्यायालयाचा वेगळा आदेश लागतो. तुम्हाला ईमेल आला याचा अर्थ तसा आदेश निदान तुमच्या बाबतीत नाही.

मग कागदावर कोणत्या कलमाचा आधार दिला आहे ते वाचा. अमेरिकेच्या कायदेसंहितेतल्या १९ क्रमांकाच्या शीर्षकातले (विभागातले) कलम १५०९ असेल, तर ते १९३० च्या टॅरिफ कायद्यातले आहे आणि त्याचा विषय आयात माल आणि त्यावरचे शुल्क असा आहे. मोर्च्याच्या वेळापत्रकाशी जकातीचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल, आणि ते अगदी बरोबर आहे. मार्च २०१७ मध्ये याच कलमाखाली सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ट्विटरकडे 'ऑल्ट यूएससीआयएस' या, इमिग्रेशन खात्याच्या धोरणांवर टीका करणाऱ्या निनावी अकाउंटमागचा माणूस कोण ते विचारले होते. ट्विटरने ६ एप्रिलला दावा दाखल केला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने समन्स मागे घेतले. त्या वर्षी होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच महानिरीक्षक कार्यालयाने या कलमाच्या वापरावर ताशेरे ओढले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या माँटगोमेरी काउंटीत इमिग्रेशनच्या कारवायांची माहिती देणाऱ्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या पानांसाठी मेटाकडे, म्हणजे या दोन्हींच्या मालक कंपनीकडे, तशाच मागण्या गेल्या. पाने चालवणाऱ्याने एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने, स्वतःचे नाव उघड न करता, कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात त्या रद्द करण्याचा अर्ज केला आणि जानेवारी २०२६ मध्ये सरकारने त्या मागे घेतल्या.

या दोन्ही प्रकरणांतून तुम्हाला धीर यावा, पण त्यांतला डावही दिसावा. मागणी मागे घेतली की न्यायालयाला निकाल द्यावा लागत नाही, निकाल नाही म्हणून पायंडा पडत नाही, आणि मग पुढच्या अकाउंटसाठी तोच छापील मजकूर पुन्हा पाठवता येतो. ज्याला ईमेल आला आणि ज्याने मुदत जाऊ दिली त्याचे नाव तेवढ्यात हातात पडते. माझे स्पष्ट मत असे आहे की ही पद्धत न्यायालयात टिकण्यापेक्षा लोकांच्या घाबरण्यावर आणि वेळेत वकील न मिळण्यावर अधिक उभी आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मात्र मुदतीच्या आत ती पायरी चढणाऱ्याचीच ओळख झाकलेली राहिली आहे.

आव्हान 'जॉन डो' किंवा 'जेन डो' या, खरे नाव झाकण्यासाठी वापरतात त्या नावाने देता येते. त्यामागचा युक्तिवाद जुना आणि भक्कम आहे. १९५६ मध्ये अलाबामा राज्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे तिच्या राज्यातल्या सभासदांची यादी मागितली. यादी दिली असती तर सभासदांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, मारहाण झाली असती, हे सगळ्यांना ठाऊक होते. संघटनेने नकार दिला, तिला १ लाख डॉलरचा दंड झाला, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की संघटित होण्याच्या स्वातंत्र्यात आपल्या संगतीची यादी सरकारपासून खासगी ठेवण्याचा हक्क येतो. १९९५ च्या मॅकिन्टायर खटल्यात त्याच न्यायालयाने निनावी राजकीय पत्रकालाही पहिल्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, घटनादुरुस्तीचे संरक्षण दिले. तुमच्या अकाउंटचे वकील बहुधा इथूनच सुरुवात करतील.

खात्री कुणी देऊ शकत नाही, हेही ऐकून ठेवा. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट'च्या सुमारे ७०० आंदोलकांना अटक झाली. त्यांतल्या एका तरुणाच्या ट्विटर अकाउंटची माहिती सरकारी वकिलांनी मागितली, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला सांगितले की ही नोंद ट्विटरची आहे, तुझी नाही, त्यामुळे आक्षेप घ्यायचा अधिकारच तुला नाही. मग ट्विटर स्वतः उभे राहिले, बरेचसे हरले, आणि न्यायालयाच्या अवमानाची टांगती तलवार आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी कागद सुपूर्द केले. त्या प्रकरणात मात्र फौजदारी खटला आधीच उभा होता आणि अकाउंट निनावी नव्हते. तुमची बाजू त्याहून चांगली आहे, पण कंपनी तुमच्यासाठी लढेल असे गृहीत धरू नका. तिने ईमेल पाठवला, तिथे तिच्या दृष्टीने तिचे काम बऱ्यापैकी झाले.

तुमच्या मित्राच्या म्हणण्याबद्दल थोडक्यात. 'कर नाही त्याला डर कशाला' हे चोरीच्या बाबतीत ठीक आहे, इथे नाही. २०१७ मध्ये अध्यक्षांच्या शपथविधीच्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या निदर्शनांच्या तपासात न्याय खात्याने ड्रीमहोस्ट या कंपनीकडे निदर्शनांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाचा सगळा तपशील मागितला, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्यात १३ लाखांहून अधिक आयपी पत्ते येत होते, म्हणजे कुतूहलाने पान उघडून पाहणारेसुद्धा. कंपनीने विरोध केल्यावर न्यायालयाने मागणी आखडती करायला लावली. त्या निदर्शनांत २०० हून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले होते आणि जुलै २०१८ पर्यंत उरलेले सगळे आरोप सरकारने सोडून दिले. पण तोवर त्या लोकांची दीड वर्षे गेली होती. खात्याला फोन करून 'आम्ही विद्यार्थी आहोत' असे सांगितलेत, तर ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ती तुम्ही फुकट देऊन टाकाल. शिवाय संघराज्य अधिकाऱ्याला सांगितलेली महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी निघाली तर ५ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि घाबरलेला माणूस नको ते बोलून जातो. अधिकारी फोनवर वा दारात आले तर नम्रपणे एवढेच सांगा की मी वकिलाशिवाय बोलणार नाही, त्यांचे नाव-क्रमांक लिहून घ्या आणि थांबा. खोटे बोलणे आणि न बोलणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता व्हिसाचा प्रश्न, जो तुमच्या सहकाऱ्यांपैकी अमेरिकन नागरिक असलेल्यांना नाही आणि म्हणून त्यांचा सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी माणसालाही तिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ च्या ब्रिजेस खटल्यात म्हटले होते, आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी बोस्टनच्या संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी, आंदोलनात भाग घेणाऱ्या परदेशी विद्यार्थी-प्राध्यापकांना त्यांच्या मतांसाठी पकडण्याचे धोरण घटनाबाह्य ठरवताना तेच ठासून सांगितले. मात्र टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क यांचे उदाहरण सोबत ठेवा. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातल्या एका लेखाच्या त्या सहलेखिका होत्या. २५ मार्च २०२५ रोजी त्यांना रस्त्यावरून उचलले, लुइझियानाच्या कोठडीत नेले, आणि ९ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने सोडले. म्हणजे न्यायालयाने सोडेपर्यंत सहा आठवडे कोठडीतच गेले. कायदा आपल्या बाजूने असणे आणि सहा आठवडे आत राहावे लागणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात. म्हणून तुमच्या बाबतीत नाव बाहेर पडू न देणे हेच मुख्य काम आहे. नाव गेल्यानंतर खटला जिंकणे हे दुय्यम.

याच कारणाने आईबाबांचे म्हणणे, त्यामागची माया कळूनही, मी सध्या मानू नका असे सांगेन. जाणे सोपे आहे. परत येताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना फोन तपासण्याचे फार विस्तृत अधिकार आहेत, आणि व्हिसाधारकाने पासकोड द्यायला नकार दिला तर त्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर मग वकिलातीत मुलाखत आली. अर्जात गेल्या ५ वर्षांतली सोशल मीडियावरची हँडल लिहावी लागतात, हा नियम २०१९ पासून आहे. आणि जून २०२५ पासून एफ, एम आणि जे या, विद्यार्थी व देवाणघेवाण कार्यक्रमांच्या, व्हिसाच्या अर्जदारांना आपली प्रोफाइल सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितले जाते. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ लाही तेच लागू झाले. तुम्ही चालवत असलेले निनावी अकाउंट त्या यादीत लिहायचे की नाही, हा प्रश्न तेव्हा तुमच्यासमोर येईल. लिहिले तर ओळख गेली, लपवले तर खोटी माहिती दिल्याचा ठपका. ही विषाची परीक्षा इमिग्रेशनच्या वकिलाने 'जा' म्हटल्याशिवाय घेऊ नका. आईबाबांना तुमच्याजवळ यायचे असेल आणि त्यांच्याकडे व्हिसा असेल तर त्यांनीच यावे, पण त्याचीही चर्चा फोनवर फार लांबवू नका.

बोलायचे कुणाशी, हा खरा प्रश्न. विद्यापीठातले आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय बहुतेक ठिकाणी मदत करणारे आणि भले असते, पण तिथला अधिकारी तुमचा वकील नसतो. तुमची सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद ठेवणे आणि काही गोष्टी सरकारला कळवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य असते, आणि तुमच्या-त्याच्या बोलण्याला गोपनीयतेचे संरक्षण नसते. तेव्हा तिथे जाऊन अभ्यासक्रमाच्या नोंदी नीट आहेत ना, पत्ता बदललेला कळवला आहे ना, श्रेयांक पूर्ण आहेत ना, एवढेच तपासा. या तांत्रिक बाबींत ढिलाई राहिली की कुणाच्या हाती आयते कोलीत मिळते. ईमेलाची गोष्ट तिथे काढू नका. मार्गदर्शक प्राध्यापकांशी तुमचे कितीही चांगले असले तरी त्यांनाही नको, कारण उद्या त्यांना साक्षीला बोलावले तर त्यांना खरे सांगावे लागेल.

तुम्हाला दोन प्रकारचे वकील लागतील आणि दोघे एकच असण्याची शक्यता कमी आहे: अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे खटले लढणारा आणि इमिग्रेशनचा. पहिल्यासाठी तुमच्या राज्यातल्या एसीएलयूच्या शाखेकडे आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेकडे आजच लिहा. या संस्था पैसे घेत नाहीत, मात्र प्रत्येक प्रकरण हाती घेतातच असे नाही, म्हणून एकीच्या उत्तराची वाट पाहत दुसरीकडे जाणे लांबवू नका. नॅशनल लॉयर्स गिल्डच्या स्थानिक शाखेकडेही आंदोलकांना मदत करणारे वकील असतात, आणि काही विद्यापीठांच्या विधी महाविद्यालयांची स्वतःची इमिग्रेशन क्लिनिक असतात. पहिल्या ओळीतच मुदतीची तारीख लिहा. पूर्ण आव्हान तयार व्हायला वेळ लागणार असेल, तर वकील कंपनीला पत्र पाठवून मुदत वाढवून मागू शकतो, आणि पुष्कळदा पहिली गरज त्या एका पत्राचीच असते.

सहकाऱ्यांबाबत एक नाजूक गोष्ट. सगळ्यांनी एका खोलीत बसून 'आपण काय सांगायचे' हे ठरवण्याचा मोह होईल. ते करू नका. पुढे तीच बैठक संगनमतासारखी दिसते. जे काही एकत्र बोलायचे ते वकिलासमोर बोला, आणि तुमचे हित व त्यांचे हित प्रत्येक टप्प्यावर एकच असेल असे समजू नका. जो नागरिक आहे त्याला 'लढू या, वर्तमानपत्रात जाऊ या' असे म्हणणे परवडते. तुम्हाला ते परवडते का, हे त्याने ठरवायचे नाही. तुमच्यापैकी कोणी आपला फोन क्रमांक देऊन अकाउंटची जबाबदारी घ्यायला तयार असेल तर ती कल्पना चांगली वाटेल, पण मागणी आल्यानंतर अशी अदलाबदल करणे म्हणजे नोंदीशी छेडछाड समजली जाऊ शकते, तेव्हा तीही वकिलाला विचारल्याशिवाय नको.

आपसात बोलण्यासाठी कोणते माध्यम वापरायचे हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते, कारण मागे काय उरते हे कळायला ते उपयोगी आहे. २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीने सिग्नल हे मेसेजिंग ॲप चालवणाऱ्या संस्थेकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागितली. त्यांतल्या एकाचेच खाते होते, आणि त्याबद्दल तिला देता आल्या त्या दोनच गोष्टी: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. बाकी काही तिने साठवलेलेच नव्हते. इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांचा धंदाच साठवण्यावर चालतो. यापुढच्या कामासाठी तो फरक लक्षात ठेवा. आधीच्या संभाषणांना मात्र वर सांगितल्याप्रमाणे हात लावू नका, आणि मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय जिथे चालू असेल तिथे ती चालू ठेवायची की बंद करायची हेही वकिलाला विचारा.

शेवटी, अकाउंट बंद करू का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर: आत्ता नाही, आणि निष्क्रियही करू नका. आहे तसे राहू द्या, नवीन पोस्ट थांबवा, मागणी मागे घेतली गेली किंवा न्यायालयाने निकाल दिला की मग ते चालू ठेवायचे, दुसऱ्यांच्या हाती सोपवायचे की मिटवायचे, हे निवांतपणे ठरवता येईल. पोस्ट का थांबल्या, असे अनुयायी विचारतील. त्यांना कारण सांगणे तुमच्यावर बंधनकारक नाही आणि सध्या ते शहाणपणाचेही नाही. वकिलाची वेळ मिळाली की ईमेलाची मूळ प्रत, त्याला जोडलेले मागणीपत्र, आय-२० (विद्यापीठाचे प्रवेशपत्र), आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि पासपोर्टच्या व्हिसाच्या पानाची प्रत घेऊन जा. अकाउंट कोणी, कधी, कोणत्या फोनवरून उघडले आणि कोणाकोणाकडे पासवर्ड आहे, हे कागदावर उतरवून नेऊ नका, त्यांच्यासमोर बसून तोंडी सांगा.